रिपोर्ट नॉर्मल आहे, पण…

मी नर्सिंग शिकवते. जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सच्या पहिल्या वर्षाला येणाऱ्या मुलींना सगळ्यात जास्त धास्ती असते ती हाडांची. 206 हाडं, त्यांवरचे उंचवटे, खाचा, भोकं, आणि जिथे बघावं तिथे लॅटिन नाव. पण खरं सांगायचं तर हाडं शिकवणं सोपं. हाडं हातात धरता येतात, उलटीपालटी करता येतात. मांडीचं हाड उजवं की डावं हे थोड्याच दिवसांत त्या डोळे मिटूनही सांगायला लागतात. अवघड असतं ते एक अगदी निरुपद्रवी दिसणारं वाक्य : शरीर स्वतःची अंतर्गत स्थिती कायम राखतं. हे वाक्य मुली वहीत उतरवून घेतात, त्याखाली लाल पेनने दोन रेघा मारतात, परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवतात आणि वॉर्डात पाऊल टाकलं की विसरतात.

यात त्यांचा फारसा दोष नाही. आपण सगळेच रिपोर्ट हातात आला की बाजूच्या रकान्यातली रेंज बघतो, आपला आकडा तिच्यात बसला की सुटकेचा श्वास टाकतो आणि फाईल कपाटात टाकून देतो. नॉर्मल म्हणजे आत सगळं निवांत चाललंय, असा आपला समज. मी मात्र इतकी वर्षं हेच घसा कोरडा करून सांगत आले आहे की नॉर्मल आकडा निवांतपणाचा दाखला नव्हे. आत कोणीतरी राबतंय, एवढाच त्याचा अर्थ. आणि ते राबणं किती जड जातंय, हे त्या आकड्यावर लिहिलेलं नसतं.

हे पटवायला मी भाषण करत नाही. प्रॅक्टिकलला एकीला टेबलावर आडवं झोपवते. पाच मिनिटं बोलायचं नाही, हसायचं नाही (हेच सगळ्यात कठीण). मग दुसरीने तिचं बीपी काढायचं, तिसरीने नाडी मोजायची. समजा बीपी 110/70 आलं, नाडी 72. आता तिला झटकन उभं करायचं आणि लगेच पुन्हा मोजायचं. बीपी 108/74. नाडी 94.

"मॅडम, बीपी तर तेवढंच आहे," असं कोणीतरी म्हणतंच. आवाजात थोडी निराशाही असते, प्रयोग फसल्यासारखी.

खरं तर प्रयोग तिथेच साधलेला असतो. माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोट आणि पायांकडे उतरतं. शरीरात एकूण रक्त पाच लिटरच्या आसपास. त्यातलं एवढं खाली गेलं, तर हृदयाकडे परत येणारं कमी होणार, दाब घसरणार आणि सगळ्यात आधी डोक्याला कमी पडणार. तसं होत नाही, कारण मानेतल्या मोठ्या रोहिणीच्या फाट्यापाशी आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंची टोकं आहेत. दाब किंचित उतरला की ती मेंदूच्या बुंध्याला कळवतात, आणि पुढचा ठोका पडायच्या आत हुकूम सुटलेले असतात : हृदया, जोरात चाल, पायातल्या रक्तवाहिन्यांनो, आवळा. 72 वरून 94 वर गेलेली नाडी हीच ती धावपळ. बीपी तेवढंच राहिलं, ते नाडी तेवढीच राहिली नाही म्हणून.

ही तर उभं राहण्यासारखी क्षुल्लक गोष्ट. गाढ झोपलेल्या माणसातही कामाला सुट्टी नसते. त्याची मूत्रपिंडं दिवसाला 180 लिटर पाणी गाळून त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतात. बाहेर टाकतात ते जेमतेम दीड लिटर. त्याची प्रत्येक पेशी आत शिरणारं सोडियम अखंड बाहेर ढकलत असते, तीन सोडियम बाहेर आणि दोन पोटॅशियम आत. नुसतं पडून राहायला जी शक्ती लागते तिच्यातला पाचवा हिस्सा तरी या एका कामात जातो. येन्स स्काऊ या डॅनिश शास्त्रज्ञाने हा पंप 1957 मध्ये खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंत पकडला आणि त्याला नोबेल मिळालं ते 1997 मध्ये. चाळीस वर्षं थांबायची तयारी असेल तर खेकडेही उपयोगी पडतात.

ही धावपळ कमी पडली तर काय होतं, तेही मुलींनी पाहिलेलं असतं. शपथविधीचा कार्यक्रम, मेचं ऊन, कडक इस्त्रीचा गणवेश, हातात मेणबत्ती, आणि पाहुण्यांचं भाषण संपता संपत नाही. पोटऱ्यांचे स्नायू हलत राहिले तर ते पायातलं रक्त वर ढकलत राहतात. पण ताठ उभं राहायचं असतं, हलायचं नसतं. सकाळी घाईत कोणी नाश्ता केलेला नसतो, पाणी प्यायलेलं नसतं. मग एखादी पांढरीफटक पडते, कपाळाला घाम येतो, आणि ती धपकन खाली.

खाली पडणं हा खरं तर उपाय आहे. आडवं झालं की रक्त आपोआप डोक्याकडे येतं. पण आपली माणसं मदतीला इतकी तत्पर की चौघं धावतात, तिला दोन्ही खांद्यांना धरून खुर्चीत बसवतात, आणि कोणीतरी कांदा फोडायला स्वयंपाकघराकडे पळतं. शरीराने महत्प्रयासाने जे साधलं, ते आपण पुन्हा उभं करून घालवतो. कांदा लावायचा तर खुशाल लावा. पण तिला झोपू द्या, पाय उचलून उशीवर ठेवा आणि भोवतीची गर्दी हटवा.

शरीराच्या आतलं वातावरण जपणं हेच जगण्याचं मूळ, ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली ती क्लोद बेर्नार या फ्रेंच माणसाने. 1813 साली द्राक्षमळ्यात राबणाऱ्या घरात जन्मलेला हा मुलगा औषधाच्या दुकानात उमेदवारी करायचा आणि फावल्या वेळात नाटकं लिहायचा. नाटक घेऊन पॅरिसला गेला, तर एका समीक्षकाने ते वाचून त्याला वैद्यकी शिकायचा सल्ला दिला. मराठी नाट्यसृष्टीतही असे स्पष्टवक्ते समीक्षक हवे होते असं मला अधूनमधून वाटतं, पण ते असो.

त्या काळी समजूत अशी की साखर फक्त वनस्पती बनवतात आणि प्राणी ती खाऊन संपवतात. बेर्नारने नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर येणारं रक्त तपासलं, तर त्यात साखर. मग 1855 साली त्याने एक यकृत शरीराबाहेर काढून आतून पाण्याने इतकं धुतलं की साखरेचा मागमूस राहिला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, तर साखर हजर! यकृताने ती स्वतःच्या साठ्यातून बनवली होती. तो साठा म्हणजे ग्लायकोजेन.

याचा आपल्या रिपोर्टशी संबंध असा. उपाशीपोटी साखर 70 ते 100 च्या दरम्यान असली की आपण खूश. पण सगळ्या रक्तात मिळून ती भरते किती? चार-पाच ग्रॅम. चहाचा एक लहान चमचा. आणि एकटा मेंदू दिवसाला सुमारे 120 ग्रॅम खातो, म्हणजे तासाला साधारण पाच. भरपाई थांबली तर तासाभरात चमचा रिकामा. तरीही निर्जळी एकादशी करणाऱ्या बाईची संध्याकाळी साखर तपासली तर 80-85 सहज निघेल, कारण दिवसभर तिचं यकृत साठ्यातलं काढून देत असतं. (इतरांची एकादशी म्हणजे दुप्पट खाशी, साबुदाणा-रताळ्याच्या राशीपुढे यकृताला काही कामच उरत नाही.) यकृतातला हा साठा 100 ग्रॅमच्या आसपास, एक दिवस, फार तर थोडा अधिक पुरतो. स्नायूंत याच्या कितीतरी पट ग्लायकोजेन असतं, पण स्नायू आपलं रक्तात सोडत नाहीत, स्वतःच वापरतात. म्हणून उपवास लांबला की यकृत स्नायूंचीच प्रथिनं वितळवून त्यांची साखर करायला लागतं. साखर अजूनही नॉर्मल. दंड मात्र बारीक होत चाललेले.

मधुमेहाच्या आधीची काही वर्षंही अशीच जातात. साखर काबूत ठेवायला स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन ओतत असतं. माणूस दरवर्षी तपासणी करतो, रिपोर्ट स्वच्छ येतो, आणि मग एका वर्षी तो एकदम खट्टू होऊन सांगतो की मला अचानक शुगर निघाली.

माझी आत्या मोरीत घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. पंचाहत्तरी ओलांडलेली, सडपातळ, दुखणं अंगावर काढणारी. ऑपरेशन झालं, आणि ती वॉर्डात आल्यावर आतेभावाने माझ्यासमोर फाईल उघडली. "हे बघ, कॅल्शियम 9.3. गेल्या वर्षीही नॉर्मलच होतं. मग साधं घसरल्यावर हाड असं कसं मोडेल? तू तर हेच शिकवतेस ना गं?"

शिकवते, आणि याच धड्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवते. शरीरात कॅल्शियम एक किलोच्या आसपास असतं, त्यातलं 99 टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात आणि पेशींभोवतीच्या द्रवात मिळून फिरणारं कॅल्शियम सुमारे एक ग्रॅम. पण शरीराचा जीव अडकलेला असतो तो या एका ग्रॅममध्ये, कारण हृदयाचा ठोका, स्नायूंचं आकुंचन, रक्ताचं गोठणं, चेतातंतूंचे संदेश हे सगळं त्यावर चालतं. ते उतरलं की बोटं आखडतात, झटके येतात, ठोके बिघडतात. म्हणून मानेत, थायरॉइडच्या पाठीशी, मसुराएवढ्या चार गाठी रात्रंदिवस त्या एका आकड्यावर पहारा देत बसलेल्या असतात. आकडा जरा खाली सरकला की त्या हार्मोन सोडतात. मग मूत्रपिंडं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात, ड जीवनसत्त्व कामाला लागून आतड्यांतून जास्त ओढून घेतं, आणि तेवढ्याने भागलं नाही तर हाड विरघळवलं जातं.

बाहेरून बघणाऱ्याला ज्या घरात काही कमी दिसत नाही, सणवार होतायत, पोरांच्या फिया भरल्या जातायत, त्या घरातल्या बाईच्या कपाटात कधीकधी सोनाराच्या पावत्या असतात. एकेक दागिना गहाण पडलेला असतो. आत्याच्या रक्तातलं 9.3 हे तसं होतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेनचा आधार सुटतो आणि हाडाची झीज वाढते. त्यात जेवण कमी, उन्हात जाणं नाही, दूध आवडत नाही. दर दिवशी थोडं थोडं हाडातून निघत राहिलं आणि रक्त आपला आकडा राखून बसलं. हाडात किती उरलंय हे बघायला डेक्सा नावाची वेगळी तपासणी असते. रक्तातल्या कॅल्शियमला ते विचारून उपयोग नाही. दादाला मी एवढं सगळं सांगितलं. त्याने फाईल मिटली आणि म्हणाला, "म्हणजे रिपोर्ट खोटं बोलत नव्हता, आपण भलतंच विचारत होतो."

या चार गाठींची गोष्टही मजेशीर आहे. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 साली एक भारतीय गेंडा मेला. रिचर्ड ओवेन या शरीररचनातज्ज्ञाने त्याची चिरफाड केली आणि थायरॉइडला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा टिपून ठेवला. माणसात त्या गाठी नीट दाखवल्या 1880 मध्ये स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉमने, आणि कुत्र्यात तर त्याने त्या विद्यार्थी असतानाच पाहिल्या होत्या. पण त्यांचं काम कोणालाच ठाऊक नव्हतं. थायरॉइडच्या ऑपरेशनांच्या सुरुवातीच्या काळात त्या नकळत सोबत निघून जात, आणि चांगला बरा होत आलेला पेशंट बोटं आखडून झटके द्यायला लागे. पहारेकरी गेला तेव्हा पहारा होता हे कळलं.

आत्याचं दुखणं वर्षानुवर्षांचं. पण हाच प्रकार तासाभरातही घडतो, आणि मला खरी काळजी असते ती तिथे. लेबर रूममध्ये.

गरोदरपणात बाईचं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं. दिवस भरत येतात तेव्हा गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त फिरत असतं. वार पडल्यावर तिथल्या उघड्या रक्तवाहिन्या बंद होतात त्या गर्भाशयाच्या स्नायूंनी आवळून धरल्यामुळे. म्हणून बाळंतपणानंतर सिस्टर पुन्हा पुन्हा पोटावर हात ठेवून पिशवी कडक आहे ना ते बघतात. पिशवी ढिली पडली की रक्त जायला लागतं. कधी भळभळ, पण पुष्कळदा पॅडमागून पॅड, कोणाच्या डोळ्यांत न भरता. आणि अशा वेळी कोणीतरी बीपी काढतं. 110/70. "ठीक आहे," असं म्हणून पुढच्या कॉटकडे जातं.

पाच लिटर रक्त असलेल्या तरुण माणसाचं पाऊण लिटरपर्यंत रक्त गेलं तरी वरवर काही दिसत नाही. पाऊण ते दीड लिटरच्या टप्प्यात नाडी शंभराच्या वर जाते, तरीही झोपलेल्या अवस्थेत वरचं बीपी बऱ्यापैकी जागेवर असतं. दीड लिटरनंतर ते कोसळतं, आणि मग एकदम. बाळंतिणीकडे तर वाढीव रक्ताची गंगाजळी असते, त्यामुळे तिचं फसवं रूप आणखी लांबतं. तोवर शरीराने काय काय केलेलं असतं? कातडीच्या रक्तवाहिन्या बंद केल्या, म्हणून हातपाय गार. आतड्यांचं रक्त तोडलं. मूत्रपिंडांचं तोडलं, म्हणून लघवीच्या पिशवीतली पातळी तिथल्या तिथे. हृदयाला चाबूक मारला, म्हणून नाडी 118. एवढं सगळं विकून-मोडून वर 110 टिकवलं, आणि आपण त्या 110 कडे बघून समाधान मानतो.

याला एक सोपा भागाकार आहे आणि तो मी मुलींकडून तोंडपाठ करून घेते. नाडी भागिले वरचं बीपी. एरवी हे उत्तर 0.5 ते 0.7 येतं; बाळंतिणीत 0.9 च्या वर गेलं की हाक मारायची, वाट बघायची नाही. 118 भागिले 110 करायला कॅल्क्युलेटर लागत नाही. नाडी बीपीपेक्षा मोठी झाली म्हणजे उत्तर एकाच्या वर आहे, एवढं कळलं तरी पुरे. दोन्ही आकडे चार्टवर शेजारी शेजारीच असतात. ते एकमेकांसमोर ठेवून कोणी बघत नाही, एवढंच.

आतली स्थिती अशी कायम राखण्याला 'होमिओस्टॅसिस' म्हणतात. हा शब्द 1926 मध्ये रूढ करणारा हार्वर्डचा वॉल्टर कॅनन याच वाटेने आला होता, हे पाठ्यपुस्तकातल्या चौकटीत येत नाही. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये जखमी सैनिकांच्या शॉकचा, म्हणजे रक्तदाब कोसळण्याच्या अवस्थेचा, अभ्यास करत होता. शरीराचा तोल कसा राखला जातो हे लिहिण्याआधी तो ढळताना त्याने जवळून पाहिला होता. परीक्षेला येणारी व्याख्या वाचताना मला हे आठवतं आणि त्या व्याख्येचा कोरडेपणा थोडा कमी होतो.

टीपीआर चार्टमधला, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास लिहायच्या तक्त्यातला, सगळ्यात दुर्लक्षित रकाना श्वासाचा. तापमान मशीन सांगतं, नाडी मशीन सांगतं, ऑक्सिजनचं क्लिप बोटाला लावलं की झालं. कोविडनंतर तर ते घरोघरी आहे. श्वास मात्र मिनिटभर उभं राहून मोजावा लागतो. म्हणून कुठल्याही वॉर्डचा कुठलाही चार्ट उघडा, सगळे पेशंट 20 च्या तालावर श्वास घेत असतात. सकाळी 20, दुपारी 20, रात्री 20. जिवंत माणसांच्या एवढ्या एकमताचं मला नेहमीच कौतुक वाटतं.

मोजायची एक रीत आहे. नाडीसाठी धरलेलं मनगट सोडायचं नाही, नजर घड्याळावर ठेवायची आणि कडेने छातीचं वरखाली होणं मोजायचं. आपला श्वास मोजतायत हे पेशंटला कळलं की तो लगेच वेगळा श्वास घ्यायला लागतो.

मेडिकल वॉर्डात एका मुलीने असंच एका काकांचं मनगट धरून ठेवलं. ताप 99, नाडी 96, बीपी 124/80, ऑक्सिजन 96. काका शांत पडलेले, विचारलं तर बरं आहे म्हणत होते. ती माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, श्वास 30 येतोय. दोनदा मोजला. पण बाकी सगळं नॉर्मल आहे. वरच्या तिन्ही वेळा 20 लिहिलंय. मी 30 लिहू का?"

"लिही, वेळ टाक. पण आधी जाऊन सिस्टरांना सांग."

ऑक्सिजनचं ते 96 तीस श्वासांच्या जिवावर उभं होतं. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला, त्यात उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया दिसला आणि दुपारच्या आत औषधं बदलली गेली.

दुसऱ्या दिवशी मी मुलींना बीपीचं मशीन दिलंच नाही. प्रत्येकीने फक्त सेकंदकाटा असलेलं घड्याळ घेऊन जायचं आणि सगळ्या वॉर्डाचे श्वास मोजून आणायचे, एकेक मिनिट पुरतं. जेवायची सुट्टी झाली तरी दोघीजणी परतल्या नव्हत्या. जाऊन बघते तर कोपऱ्यातल्या कॉटवरच्या आजोबांनी यांचा डाव ओळखला होता. या मनगट धरून घड्याळाकडे बघायला लागल्या की ते श्वास रोखून धरायचे आणि डोळे मिचकावायचे.

"आजोबा, मोजू द्या ना हो," एकजण काकुळतीला येऊन म्हणत होती.

"मोजा की," आजोबा म्हणाले. "मी कुठे नाही म्हणतोय?"

शेवटी त्यांना जेवणाचं ताट दिलं, ते उरकून त्यांचा डोळा लागला तेव्हा मोजले. 16 भरले.